कांतलेली लेखणी



मुंबईच्या पूर्वेस, घारापुरीच्या बेटापलीकडे, न्हावा आणि शेवा अशीं दोन जुनीं गांवें आहेत. १९८९ च्या मे महिन्यांत तेथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें आणि तेव्हांपासून या दोन गांवांचीं नांवें जोडीनें जगभरच्या व्यापारी कागदपत्रांत झळकूं लागलीं. २०२४-२५ या एका वर्षांत, वीस फुटी पेटीच्या मापानें मोजल्यास, या बंदरानें ७० लाखांहून अधिक पेट्या हाताळल्या. एवढ्या पेट्यांतून यंत्रें येतात, रसायनें येतात, खेळणीं येतात. आणि कापड, औषधें, धान्य बाहेर जातें. अशा अवाढव्य उलाढालीच्या दारांत उभें राहून मी आज आपणांशीं ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें, ती वस्तु जेमतेम वीतभर लांबीची आहे. लांकूड आणि रंगीत राळ, जिला आपण हल्लीं रेझिन म्हणतों, यांपासून लेथवर हातानें कांतलेलें पेन, हा माझा विषय.

लिहिणेंच जेथें कांचेवर बोटें आपटून होऊं लागलें आहे तेथें पेन घडविण्याची उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर मी टाळणार नाहीं. परंतु आधीं ही विद्या काय आहे तें पाहूं. मग तिचें मोल ठरविणें सोपें जाईल.

मराठींत 'कांतणें' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. सूत कांततात आणि लांकूडहि कांततात. पहिल्यांत चाती फिरते व पेळूचा धागा होतो. दुसऱ्यांत लांकूड स्वतःभोंवतीं फिरतें व धार एका जागीं धरून ठेवलेली असते. सुतार रंधा मारतो तेव्हां लांकूड स्थिर असतें आणि हत्यार चालतें. कातारी काम करितो तेव्हां हत्यार टेकणीवर विसांवलेलें असतें आणि लांकूडच धांवत असतें. एवढ्या एका फरकामुळें हे दोन धंदे निराळे झाले. घरांतलें लाटणें, पलंगाचे खूर, पाळण्याच्या दांड्या, मुलांचे भोंवरे, बुद्धिबळाचीं मोहरीं, हीं सारीं कातार्‍याच्या हातचीं. पेन हें त्याच कुटुंबांतलें धाकटें भावंड होय.

आणि लांकूड व रंगीत राळ यांची लेथवरची जोडी परदेशांतून नव्यानें आली आहे, असें समजण्याचेंहि कारण नाहीं. सावंतवाडीचीं लांकडी फळें आणि खेळणीं आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं असतील. तेथील चितारी कारागिरांची ख्याति हातानें रंगविलेल्या गंजिफांइतकीच लाखकामाचीहि आहे. लाखकामाची रीत अशी: वस्तु कांतून झाली, कीं ती फिरत असतांनाच रंग मिसळलेल्या लाखेची कांडी तिच्यावर दाबून धरावयाची. घर्षणानें जी ऊब येते तिनें लाख वितळते आणि लांकडावर तिचा पातळ थर बसतो. मग केवड्याच्या पानानें तो घोटला म्हणजे चकाकी येते. कर्नाटकांत चन्नपट्टणचे कारागीर याच पद्धतीनें खेळणीं करितात. येथें ब्रश नाहीं, भट्टी नाहीं; फिरणाऱ्या लांकडाची गति हीच भट्टी.

लाख म्हणजे तरी काय? पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर राहणारे अगदीं बारीक किडे स्वतःच्या संरक्षणासाठीं जी राळ स्रवतात, तीच लाख. तिचा मोठा गुण आणि मोठा दोष एकच आहे: ती उष्णतेनें लवकर मऊ होते. म्हणून ती कारागिराला वश होते, आणि म्हणूनच कौरवांना पांडवांसाठीं लाक्षागृह बांधण्याची बुद्धि सुचली. शिवाय ती स्पिरिटमध्यें विरघळते. लाख लावलेल्या पेनावर अत्तराचे किंवा जंतुनाशकाचे हात फिरले, कीं चकाकी गेलीच म्हणून समजावें.

नवीन रेझिनांचा स्वभाव याच्या उलट. पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी हीं आरंभीं पाकासारखीं पातळ असतात. त्यांत दुसरें द्रव्य योग्य प्रमाणांत मिसळलें, कीं आंतले रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पाक दगडासारखा घट्ट होतो. एकदां घट्ट झाल्यावर तो उष्णतेनें पुन्हां पातळ होत नाहीं. पाक असेपर्यंत त्यांत वाटेल तो रंग, मोत्याची झांक देणारी अभ्रकाची पूड, किंवा लांकडाचा वांकडातिकडा तुकडा घालतां येतो. तुकडा आणि पाक एकत्र गोठले म्हणजे जो ठोकळा तयार होतो, त्याचा अर्धा भाग झाडाचा आणि अर्धा रसायनशाळेचा. कांतल्यावर त्यांत कोठें डोंगराची कड आणि तिच्या पायथ्याशीं निळें पाणी असल्याचा भास होतो. याच रूपानें आजच्या हौशी कातार्‍यांना वेड लाविलें आहे.

आतां पेनाकडे वळूं. आपले आजे-पणजे बोरूनें लिहीत. बोरू बोथट झाला कीं चाकूनें तासून घेत. म्हणजे लिहिणारा प्रत्येक माणूस थोडाबहुत पेन घडविणारा होताच. पुढें टाक आला आणि निबेचा कारखाना आपल्या हातांतून गेला. १८८४ सालीं अमेरिकेंत ल्युइस वॉटरमन यांस फौंटनपेनाचा हक्क मिळाला. निबेखालची जी पट्टी, जिला आपण जीभ म्हणतों, तिच्या बारीक चरांतून शाई आपोआप पण बेतानें खालीं येते आणि तितकीच हवा वर जाते, हें त्यांतलें मर्म. पेनाच्या नळीसाठीं त्या काळीं एबोनाइट वापरीत. म्हणजे पुष्कळसा गंधक घालून कठीण केलेलें रबर. तें शाईनें कुजत नाहीं आणि लेथवर लोण्यासारखें कांततां येतें. मात्र उन्हांत त्याचा काळा रंग तपकिरी पडतो.

आपल्या देशांत या विद्येचा संबंध स्वदेशीशीं जडला, आणि त्याचा एक धागा वर्ध्यापर्यंत येतो. राजमहेंद्रीचे सुवर्णकार कोसुरी वेंकट रत्नम् यांनीं गांधीजींच्या सूचनेवरून १९३२ च्या सुमारास देशी फौंटनपेन सिद्ध केलें, आणि १९३५ सालीं गांधीजींनीं वर्ध्याहून पत्र लिहून त्या पेनाबद्दल समाधान कळविलें. शाईचें काम मुंबईंत झालें: दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं 'हॉर्स ब्रँड' नांवानें शाईची भुकटी व टिकिया काढल्या, आणि त्यांतूनच पुढें कॅम्लिनचा कारखाना उभा राहिला. एबोनाइटचीं पेनें हातानें कांतणारे कारागीर आपल्या देशांत आजहि आहेत, आणि त्यांच्या पेनांना परदेशांत मागणी आहे.

प्रत्यक्ष कृति आतां थोडक्यांत सांगतों. प्रथम लांकूड निवडावयाचें. पाऊण इंच जाड, तितकेंच रुंद आणि पांच-सहा इंच लांब असें कांडें एका पेनास पुरतें. लांकूड आंतून कोरडें असणें ही पहिली अट. कोंकणपट्टींत पावसाळ्यांत हवा पाण्यानें भिजलेली असते; लांकूड ती पितें आणि फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. ओल्या लांकडाचें पेन आज गुळगुळीत आणि चार महिन्यांनीं चिरलेलें, असा प्रकार होतो. जाणते लोक कांड्यावर पेन्सिलीनें तारीख व वजन लिहून ठेवतात आणि दर आठवड्यास पुन्हां वजन करितात. वजन उतरावयाचें थांबलें म्हणजे लांकूड तयार झालें. यांत पैसा लागत नाहीं. लागतो तो धीर.

कांड्याचे दोन तुकडे करून प्रत्येकास मधोमध भोंक पाडावयाचें. साध्या बॉलपेनास सात मिलिमीटरचें गिरमीट चालतें. घाईनें दाबल्यास लांकूड दुसऱ्या टोंकाशीं फुटतें आणि रेझिन तापून चिकटतें. म्हणून थोडें आंत जावें, बाहेर यावें, भुसा झाडावा, पुन्हां आंत जावें. भोंकांत पितळी नळी चिकटवून दोन्ही टोंकें काटकोनांत साफ केलीं, कीं तुकडे लेथच्या दांड्यावर चढतात. मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या वेगानें तीं फिरूं लागलीं, कीं चौकोनी कांड्याच्या कडा डोळ्यांना दिसेनाशा होतात. दिसतो तो केवळ एक धूसर पडदा. धार त्या पडद्याला हळूच लावावयाची. लांकडाच्या लांब, कुरळ्या ढलप्या निघूं लागल्या म्हणजे हत्यार बरोबर लागलें. भुकटी उडूं लागली म्हणजे धार गेली. रेझिन याहून हट्टी असतें. धार बोथट असेल तर त्याचे टवके उडतात. तीक्ष्ण असेल तर त्याची अखंड फीत निघते. कानानेंहि हें कळतें. चांगल्या धारेचा आवाज सळसळीचा, वाईट धारेचा खडखडाटाचा.

आकार आल्यावर कांचकागद. खरखरीतापासून बारकापर्यंत क्रमानें जावें आणि एकहि पायरी गाळूं नये, हा नियम येथें फार कठोर आहे. कारण गाळलेल्या पायरीचा ओरखडा चकाकी आल्यावरच दिसतो. शेवटीं लाखेचें पॉलिश किंवा चिवट पारदर्शक लेप द्यावा आणि निब, टोपण, खिशाची कडी हे भाग दाबून बसवावे. ज्यास याहून पुढें जावयाचें असेल तो पितळी नळी सोडून देतो आणि टोपणाचे व नळीचे आटे स्वतःच पाडतो. मात्र शाई थेट नळींत भरावयाची असेल तर आंतून कोरडें लांकूड कामाचें नाहीं. तें शाई पितें. तेथें एबोनाइट किंवा रेझिनच हवें.

भुसभुशीत वा किडलेलें लांकूडहि वांचवितां येतें. तें पातळ रेझिनांत बुडवून बंद भांड्यांतील हवा पंपानें काढून घेतात. लांकडाच्या छिद्रांतली हवा बाहेर येते आणि हवा परत सोडतांच रेझिन तेथें शिरतें. मग भट्टींत तें घट्ट करितात. रंगीत ठोकळा ओततांना याच्या उलट करितात: भांड्यांत हवेचा दाब वातावरणाच्या तीन-चार पट वाढवितात, म्हणजे पाकांतले बुडबुडे दडपून डोळ्यांना न दिसण्याइतके लहान होतात.

हें सारें सांगतांना धोक्याची गोष्ट वगळणें बरें नाहीं. शिसवासारख्या लांकडाची भुकटी कित्येकांच्या त्वचेला व श्वासाला बाधते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें लांकडाच्या भुकटीची गणना कर्करोगाच्या कारणांत केलेली आहे. पॉलिएस्टरच्या पाकाचा उग्र वासहि निरुपद्रवी नव्हे. म्हणून नाकातोंडावर योग्य मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा आणि खोलींत वाहती हवा यांवांचून हें काम करूं नये. आणि जेथें लहान मुलें निजतात अशा खोलींत तर मुळींच करूं नये. रेझिनच्या ढलप्यांचीहि वाट लावावी लागते. लांकडाचा भुसा मातींत मिळून जातो; रेझिनची फीत मिळत नाहीं. ती गटारांतून खाडींत गेली तर उरण-पनवेलच्या तिवरांच्या मुळांशीं जाऊन बसेल. ती झाडून, वेगळी बांधून ठेवणें हा या छंदाच्या शिस्तीचाच भाग मानला पाहिजे.

आतां न्हावा शेव्याकडे परत येऊं. कारण या छंदाचा खरा प्रश्न तेथेंच उभा राहतो. हें लांकूड येतें कोठून?

रक्तचंदनाचें झाड मुख्यतः आंध्र प्रदेशांतील पूर्व घाटाच्या दक्षिण भागांत आपोआप वाढतें. त्याचे ओंडके दुसऱ्याच मालाच्या नांवाखालीं पेट्यांत दडवून परदेशीं धाडण्याचे प्रयत्न न्हावा शेवा बंदरांत अनेकदां उघडकीस आले आहेत. शिसवाचें कूळ २०१७ पासून साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या देखरेखीखालीं आलें. शिसवाच्या व शिसमाच्या तयार वस्तु प्रत्येकीं दहा किलोच्या आंत असल्यास त्या कराराखालच्या परवान्याची गरज नाहीं, असा खुलासा २०२२ सालीं पनामा येथें झाल्यानें आपल्या कारागिरांस दिलासा मिळाला. कच्च्या लांकडाची गोष्ट निराळी. पेनास लांकूड लागतें मूठभर, हें खरें. परंतु मूठभर लांकूड चोरीच्या ओंडक्यांतून आलें असेल तर पेन लहान आहे म्हणून चोरी लहान होत नाहीं.

आणि या तालुक्यांत लांकडाची गोष्ट हलकी मानतांच येणार नाहीं. याच उरण तालुक्यांत, चिरनेर येथें, २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल सत्याग्रह झाला. स्वतःच्या रानांतलें लांकूड तोडण्याच्या हक्कासाठीं लोक अक्कादेवीच्या डोंगराकडे गेले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. कित्येक गांवकरी तेथें धारातीर्थीं पडले. पुढें बंदरासाठीं व नव्या शहरासाठीं जमिनी घेतल्या गेल्या तेव्हां, १९८४ च्या जानेवारींत, योग्य मोबदल्याच्या लढ्यांत पांच शेतकऱ्यांनीं प्राण गमावले. शेव्याच्या कोळीवाड्यांतलीं कुटुंबें बंदरासाठीं उठवून हनुमान कोळीवाड्यांत वसविलीं गेलीं, तर तेथील घरांना वाळवी लागली. दारें, चौकटी, वासे पोखरले गेले आणि दुसऱ्या जागेसाठीं त्या लोकांना वर्षानुवर्षें मागणी करावी लागली. लांकूड म्हणजे कोणाचें तरी रान, कोणाचा तरी उंबरठा, ही जाणीव येथल्या मातींत आहे. लेथवर कांडें चढविणाऱ्यानें ती बाळगावी.

मग आपण काय वापरावें? मला वाटतें, उत्तर आपल्या दारांतच आहे. पावसांत उन्मळलेल्या आंब्याची फांदी, फणसाचें पिवळें लांकूड जें वर्षागणिक सोनेरी-तपकिरी होत जातें, चिंचेचा गर्द गाभा, कणखर बाभूळ, फिकट आणि सौम्य शिवण, हीं कोणत्याहि परदेशी लांकडाच्या तोडीचीं आहेत. जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या पाडकामांतून निघालेला साग तर पन्नास-पन्नास वर्षें मुरलेला असतो. मात्र त्यांत लपलेले खिळे शोधून काढावे, आणि सागांत वाळूसारखा अंश असल्यानें धार वरचेवर लावावी लागेल याची तयारी ठेवावी. असें लांकूड किडलेलें असलें तरी चालेल. वाळवीनें पोखरलेल्या चौकटीच्या पोकळ्यांत रंगीत रेझिन ओतलें, तर वाळवीनें केलेली नासाडीच नक्षी होऊन बसते.

एक आक्षेप उरतो. निब परदेशाची, कडी परदेशाची, पितळी नळी परदेशाची, रंगीत ठोकळाहि तयार विकत आणलेला. मग कातार्‍यानें केलें काय? पेटींतून आलेले तुकडे जुळविले एवढेंच ना? हा आक्षेप मी फेंटाळणार नाहीं. ज्या पेनांत घडविणाऱ्याचें असें फक्त दोन बोटें लांबीचें लांकूड आहे, त्याला सर्वस्वीं हस्तनिर्मित म्हणून विकणें सचोटीचें नव्हे. परंतु आरंभ तेथून व्हावयास हरकत नाहीं. आधीं लांकूड आपलें, मग ठोकळा आपला, मग आटे आपले, अशा पायऱ्या चढतां येतात. आणि सावंतवाडीची लाख त्या पायऱ्यांत कोठेंतरी यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण परदेशी ठोकळ्याचे पैसे बोटींत चढतात, लाखेच्या कांडीचे पैसे कोंकणांतल्याच एखाद्या कातार्‍याच्या घरीं जातात. ज्या घरांतील मुलगा आज वडिलांचा लेथ सोडून नोकरी शोधीत शहराकडे निघाला आहे, त्याला लाटणें आणि खेळणें यांच्या जोडीस तिसरी वस्तु मिळाली, तर तो कदाचित् थांबेल. पेनाला किंमत बरी येते, माल थोडा लागतो, आणि विद्या त्याच्या हातांत आधींच आहे.

आरंभींच्या प्रश्नाचें माझें उत्तर हेंच. पेनाची गरज थोडी उरली असेल; पण ज्या हातांना कांततां येतें त्यांची गरज उरलेली आहे, आणि त्या हातांना काम हवें आहे. आपल्यांपैकीं ज्यांना हौस असेल त्यांनीं जरूर लेथ घ्यावा. ज्यांना ती नसेल त्यांनीं निदान एवढें करावें: घर दुरुस्त होतांना जुन्या दाराचा, पाटाचा किंवा पाळण्याचा एखादा सुका तुकडा भंगारांत देऊं नये. तो कापडांत गुंडाळून ठेवावा, त्यावर तो कशाचा आणि कोणत्या सालचा तें लिहावें, आणि घरांतलें मूल दहावी झालें म्हणजे एखाद्या कातार्‍याकडे नेऊन त्याचें पेन करून घ्यावें. आजीच्या पाळण्याच्या लांकडाचें पेन कोणत्याहि पेटींतून येत नाहीं.